पंख्याचा कान कुठे गेला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'स्मार्ट घर' या विषयावर आपण पानभर मजकूर छापलात. दिवे, पडदे, गीझर, पंखे, दाराचं कुलूप, सगळं फोनवरून कसं चालतं याची रंगीत चित्रं होती, चौकटीत किमती होत्या. पान चांगलं मांडलं होतं, त्याबद्दल वाद नाही. मात्र रिमोट हरवला तर काय करायचं, हे मी त्या पानावर शेवटच्या ओळीपर्यंत शोधलं. कुठेच नव्हतं.

मी मूळचा साताऱ्याचा. गेली चोवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतोय, त्यातली बरीचशी घरगुती यंत्रांच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध हे पत्र आहे, त्यांच्यातलाच मी एक. तेव्हा 'यांना नवीन काही नकोच असतं' या खान्यात मला टाकू नका. आई शहात्तर वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका, साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. आपला अंक सकाळी चष्मा लावून पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचते, शब्दकोडं पेनाने सोडवते.

जुलैमधली गोष्ट. रात्री पावणेदोनला तिचा फोन. त्या वेळी फोन वाजला की माणसाच्या पोटात गोळाच येतो.

"झोपला होतास का रे?"

"आई, पावणेदोन वाजलेत. काय झालं?"

"काही नाही. लाइट जाऊन आली आणि पंखा पाचवर सुटलाय. रिमोट सापडत नाहीये."

"बंद करून टाक सरळ."

"मग डास फोडून खातील. मला एकवर हवाय."

बाहेर साताऱ्याचा जुलैचा पाऊस, आत पाचवर सुटलेला पंखा, आईच्या गुडघ्यांना संधिवात. भिंतीवर, पंख्याच्या बटणाशेजारीच, जुना रेग्युलेटर अजून आहे. पाच आकडे, गोल मूठ, म्हणजे पंख्याचा कानच, फिरवली की प्रत्येक आकड्याला 'टक' करून थांबते. आईने तो फिरवून पाहिला होता. त्याला काही अर्थ नव्हता, कारण नवीन पंखा बसवताना वायरमनने त्याची वायर काढून सरळ जोडणी केली होती. मूठ फक्त भिंतीला भोक दिसू नये म्हणून ठेवलेली.

हा पंखा मीच घेतला होता, दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, मोठ्या हौसेने. तो वाईटही नाही. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खायचा, हा पूर्ण वेगावर अठ्ठावीस. रोज बारा तास चालवला तर महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही फ्रिज-एसीसारखी ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. मोटर सुधारली, आवाज गेला, बिल उतरलं. यात कुठेही खोट नाही.

खोट आहे ती पुढे. जुना रेग्युलेटर पंख्याला मिळणारी वीज कमी-जास्त करायचा, पंखा मुकाट्याने हळू किंवा जोरात फिरायचा. या नव्या मोटरच्या पोटात एक कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) असतं, ते आधी विजेचं रूप बदलतं आणि मग मोटर हाकतं. त्याला बाहेरून कमी वीज दिली तर ते गोंधळतं. म्हणून जुना रेग्युलेटर चालत नाही, इथपर्यंत मला मान्य. पण भिंतीवर त्याच जागी बसणारा, त्या कार्डाशी बोलणारा नवा गोल रेग्युलेटर करता येतो. बाजारात तसे पंखे आहेतही. आमच्या पंख्याच्या कंपनीने तो केला नाही, कारण रिमोट स्वस्त पडतो आणि जाहिरातीत दिसायला बरा दिसतो.

त्या रात्री मी पुण्यात अंथरुणात बसून म्हटलं, थांब, माझ्या फोनवर ॲप आहे. उघडलं. पंखा 'ऑफलाइन'. मग आठवलं की जूनमध्ये घरी नवं फायबर कनेक्शन आलं, नवा राउटर, नवं नाव, नवा पासवर्ड. पंखा अजून जुन्याच राउटरची वाट बघत छताला लटकलेला. त्यात असल्या वस्तूंतली स्वस्त वायफाय चिप बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते आणि नवे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात. मग जोडणी करताना पंख्याची आणि फोनची चुकामूक होते. मला हे कळतं, कारण माझा धंदाच तो आहे. आईला का कळावं?

तरी म्हटलं, तुझ्या फोनवर घेऊन बघ. पंचवीस मिनिटं आम्ही ते करत होतो. ॲप उतरवलं, नाव-गाव-नंबर दिला, ओटीपी आला, तो तिने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि लगेच म्हणाली, "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो ना?" पुढे ॲपने विचारलं, तुमचं लोकेशन बघू का? आईने 'नको' दाबलं. ॲप तिथेच अडलं.

"पंख्याला कशाला पाहिजे मी कुठे आहे ते? डोक्यावरच तर आहे तो."

तिचं बरोबर होतं, आणि ते तिला आपल्याच अंकाने शिकवलंय. सायबर फसवणुकीच्या बातम्या ती कापून फ्रिजवर लावते. ॲपवाल्याचीही त्यात पूर्ण लबाडी नव्हती. तिच्या जुन्या अँड्रॉइडवर पंख्याचं ब्लूटूथ शोधायचं तर लोकेशनची परवानगी घ्यावीच लागते, ते गूगलने अँड्रॉइड १२ पासून सुटं केलं. पण ही कथा रात्री सव्वादोनला शहात्तर वर्षांच्या बाईला समजावून सांगण्यापेक्षा मी म्हटलं, आई, पंखा बंद कर आणि अगरबत्ती लाव. तिने लावली. सकाळी घसा धरला होता.

आता माझं स्वतःचं पाप सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी मी एका परदेशी कंपनीच्या घरगुती यंत्राचं काम करत होतो. पुढच्या पट्टीवर सहा बटणं होती. बैठकीत प्रश्न निघाला की नगामागे खर्च कमी कसा करायचा. प्रत्येक बटण म्हणजे साच्यात एक भोक, भोकाला पाणी न शिरणारी रबरी कडी, आतून एक वायर, तपासणीत एक जास्तीची पायरी. समोरचा म्हणाला, यातली चार काढता येतील का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "काढा की, ॲपमध्ये देऊ." टाळ्या नाही वाजल्या, पण बैठक वेळेआधी संपली आणि मला बरं वाटलं. ॲपमध्ये बटण द्यायला पैसे लागत नाहीत, हेच आम्हा लोकांचं व्यसन आहे. खरं तर लागतात, फक्त ते नंतर लागतात आणि दुसऱ्याला लागतात.

असं सांगितलं की तरुण सहकारी म्हणतात, सर, अपडेट देता येतो. देता येतो, जोवर द्यायला कोणी आहे तोवर. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा एक डबा मिळायचा, घरातले दिवे आणि कुलपं त्यावर चालायची. गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. डबा धडधाकट, वायरी शाबूत, पण लोकांच्या हातात प्लास्टिकचा तुकडा उरला. आमच्या घरातला आधीचा पंखा १९९८ सालचा. त्याचा वेग कमी व्हायला लागला की वायरमन यायचा, वरची वाटी खाली सरकवायचा, अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलायचा, पन्नास रुपये घ्यायचा आणि चहा पिऊन जायचा. पंचवीस वर्षांत दोनदा. पंखा बनवणारी कंपनी त्या काळात काय करत होती, आम्हाला माहीतही नव्हतं आणि त्याने काही बिघडलंही नाही.

दुसरा अनुभव धुण्याच्या मशीनचा. आईकडे सेमी-ऑटोमॅटिक आहे, दोन टबांचं, वर तीन गोल मुठी. फिरवली की करकर करत उलटी येते. स्पिनचा टायमर एकदा गेला, गावातल्या मिस्त्रीने अडीचशेत बदलला. पुण्यात माझ्याकडे पुढून उघडणारं, काचेचं, झाकणावर टच पट्टी असलेलं. गेल्या उन्हाळ्यात वीज कमी-जास्त झाली आणि ते मेलं. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत म्हणाला, "कार्ड गेलंय. सात हजार दोनशे, जीएसटी धरून." काय गेलंय कार्डातलं? "ते आम्ही बघत नाही. कार्ड बदलतो."

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात त्या पुण्यातल्या तापकीर गल्लीत मी वाढलो नसलो तरी तिथे भरपूर घासलोय. म्हटलं, बघू. कार्ड काढून घेतलं तर ते सगळं पारदर्शक गमात बुडवलेलं. हे गम ओततात ते दमटपणापासून वाचावं म्हणून, कारण खरं आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आतला चाळीस रुपयांचा भाग गेला तरी हात लावता येत नाही. दोन रविवार मी बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने ते गम तापवत बसलो आणि कांदा चिरायच्या जुन्या सुरीने खरवडत होतो. घरात जळक्या रबराचा वास. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एक रिले (विजेवर उघड-मीट होणारा छोटा स्विच) सापडला, काळा, चौकोनी, बोटाच्या पेराएवढा, आत ठिणगीने चिकटून बसलेला. तापकीर गल्लीत तो पंचेचाळीस रुपयांना मिळाला. दुकानदाराने कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे कुणी खरवडलं? धीर आहे बुवा." आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ही वरच्या नंबरावर आहे. मशीन अजून चालू आहे. पण दोन रविवार आणि भाग जोडायचं सोल्डरिंगचं यंत्र सगळ्यांकडे नसतं. बाकीचे सात हजार भरतात, नाहीतर मशीन भंगारवाल्याला देतात.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, धुण्याची मशीनं अशा वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं झालं, दहापैकी किती ते. खोलायला सोपं का, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, हे सगळं त्यात धरलेलं. आपल्याकडेही २४ डिसेंबर २०२२ ला ग्राहक दिनी केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पुढे अशाच गुणांसाठी समिती नेमली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला, सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून करा म्हणून. ठीक आहे, सुरुवात कुठून तरी व्हायचीच. पण आपल्याकडे मोबाइल चारेक वर्षांनी तसाही बदलतात. पंखा, गीझर, मिक्सर, धुण्याचं मशीन या वस्तू माणूस मुलीच्या लग्नात देतो आणि नातवाच्या बारशापर्यंत चालाव्यात अशी अपेक्षा धरतो. गुण त्यांना आधी लावा.

सगळंच वाईट चाललंय असं मला म्हणायचं नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता आई मंडईत दहा रुपयांची कोथिंबीर त्यावर घेते. त्यातही मला सगळ्यात आवडतो तो भाजीवाल्याच्या टोपलीशेजारचा बोलका डबा. पडदा नाही, ॲप उघडायचं नाही, हात मातीने भरलेले असले तरी चालतं. 'पंचवीस रुपये प्राप्त झाले' एवढं मराठीत ओरडतो आणि गप्प बसतो. ज्या कुणी तो डोक्यात आणला, त्याने आधी मंडईत उभं राहून पाहिलं असणार. आमच्या हिंजवडीत असं उभं राहायला कुणी पाठवत नाही. तशीच कुकरची शिट्टी. बाई देवघरात असो, गच्चीत पापड वाळवत असो, तीन झाल्या की कळतं. ती काढून तिथे फोनवर सूचना पाठवायची कल्पना आमच्या घरच्या कुकरपर्यंत अजून आली नाही, देवाची कृपा. (हे छापून आलं की येईल.)

याच्या उलट आमच्या सोसायटीचं फाटक. मावशी कराडहून आली, हातात फणस. फाटकावर वॉचमनने ॲपवर कळवलं, मी रोजच्या सकाळच्या बैठकीत, फोन मुका. वॉचमन तिला नावाने ओळखतो, दर वर्षी फणसातले गरे त्यालाही मिळतात. पण परवानगीचं बटण माझ्याकडे. वीस मिनिटं ती उन्हात फणसावर हात ठेवून उभी. वॉचमन म्हणाला, "साहेब, मला आत सोडता येत नाही, सिस्टीम सोडत नाही." माणसाची ओळख चालेना, म्हणून ही यंत्रणा. मावशी अजून माझ्याशी जरा घुश्शातच बोलते.

१९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लोक त्यांचे फोटो काढून हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कुणीतरी कोऱ्या पासांचा गठ्ठा आणि पेन कपाटात ठेवलं होतं म्हणून विमानं उडाली. गाड्यांच्या बाबतीतही हे हळूहळू उमजतंय. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून ठरवलंय की इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारी खरी बटणं नसतील तर गुण कापले जातील. पडद्यात शोधत बसायला लावायचं नाही. वायपरला जे कळलं, ते पंख्याला कधी कळणार?

तेव्हा पुरवणीच्या संपादकांना माझी विनंती आहे. यापुढे एखाद्या वस्तूची माहिती छापताना मेगापिक्सेल आणि रंग यांच्या जोडीने तीन गोष्टी विचारून छापा. रिमोट, फोन आणि इंटरनेट तिन्ही नसताना ती चालते का? कार्ड गेलं तर सुटा भाग बाहेर मिळतो का, की फक्त कंपनीकडे? आणि माहितीपुस्तिका मराठीत आहे का? कंपन्या उत्तर देणार नाहीत, मला ठाऊक आहे. 'कंपनीने उत्तर दिले नाही' एवढं छापलंत तरी चालेल.

शेवटचा मुद्दा पुस्तिकेचाच आहे. त्या प्रकारानंतर शनिवारी मी साताऱ्याला गेलो. पंख्याच्या खोक्यात पुस्तिका सापडली, इंग्रजी आणि हिंदी, मुंगीएवढी अक्षरं. अकराव्या पानावर, वॉरंटीच्या वर, एक ओळ: भिंतीवरचं बटण दोन सेकंदांच्या आत बंद-चालू केलं की वेग एका पायरीने बदलतो. मी स्टुलावरून उतरून करून पाहिलं. टक-टक. पाचवरून चार. टक-टक. तीन. म्हणजे सोय होती. आमच्यातल्याच कुणीतरी, कदाचित बैठकीत सगळ्यांशी भांडून, ती कार्डात घातली होती. आणि दुसऱ्या कुणीतरी ती अकराव्या पानावर पुरली होती. दोन वर्षं आई त्या बटणासमोर रोज उभी राहत होती.

मी वहीच्या कागदाची पट्टी कापली आणि जाड स्केचपेनने लिहिलं: 'पटकन बंद-चालू = वेग एक कमी'. आईने ती वाचली, म्हणाली, "'पटकन' म्हणजे किती ते लिही." मग मी 'एक-दोन म्हणेपर्यंत' असं खाली लिहिलं. पट्टी पारदर्शक टेपने त्या मेलेल्या रेग्युलेटरवर चिकटवली आहे, एवढा तरी त्याचा उपयोग.

आपला,
एक संगणक अभियंता
कोथरूड, पुणे
(नाव छापू नये ही विनंती. नोकरी अजून त्याच धंद्यात आहे.)

ता. क. रिमोट सापडला. उशीच्या अभ्र्यात गेला होता आणि कामाच्या मावशींनी अभ्रा तसाच मशीनमध्ये टाकला. दोन टबांच्या त्या मशीनमधून धुऊन, पिळून निघालेला रिमोट आईने सेल काढून दोन दिवस उन्हात ठेवला. चालतो. ती मात्र आता पट्टीच वापरते.